आधी बसणं, मग वाजणं

१९९१ साली अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीनं ईआर-४ नावाचा इअरफोन विकायला काढला. संस्थापक मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात मुरलेले अभियंते. कानात घालायच्या वस्तूकडे ते कान तपासणाऱ्याच्या नजरेनं बघत. ईआर-४ मध्ये दर कानाला एकच ड्रायव्हर होता, श्रवणयंत्रात वापरतात तसला 'बॅलन्स्ड आर्मेचर'. चुंबकांच्या मधोमध एक बारीक पट्टी, तारेचं वेटोळं, पट्टीला जोडलेली सुई आणि सुईच्या टोकाशी थरथरणारा पडदा, एवढी रचना तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या डबीत मावते. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. वॉकमनबरोबर इअरफोन फुकट मिळण्याच्या त्या काळात ही रक्कम अनेकांना वेडेपणाची वाटली असणार. त्यानंतरच्या तीन दशकांत एका ड्रायव्हरचे अठरा झाले आणि किंमत दहापटीच्या वर गेली. हा सगळा प्रवास मागे वळून पाहताना माझं मत असं झालं आहे की आवाजाच्या प्रश्नाचा मोठा भाग त्या पहिल्याच टप्प्यात सुटला होता. पुढे पैसे मोजून जे फरक मिळाले, त्यांतले पुष्कळसे वस्तू कानात कशी बसते यापुढे फिके पडतात. आणि घेतलेली वस्तू पाच-सात वर्षं कशी नांदेल, या प्रश्नाकडे बनवणाऱ्यांनी फार उशिरा लक्ष दिलं.

याचं कारण कानाच्या घडणीत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका तोंडाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडदा. अशी नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उचलून धरते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलो, त्यामुळे हा उठाव आपल्याला नैसर्गिक वाटतो. नळीत बूच बसलं की तो नाहीसा होतो, म्हणून इअरफोनला तो स्वतःहून परत घालावा लागतो. ईआर-४ ची खरी कामगिरी ती हीच. पण बूच बसल्यावर नळीत दुसराच एक अनुनाद तयार होतो, बहुधा सात-आठ हजार हर्ट्झच्या पुढे-मागे, आणि इअरफोनच्या टोकाची टिप किती आत गेली यावर त्याची जागा बदलते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पुरतो. तानपुऱ्याच्या जवारीतला झणकार या वरच्या पट्ट्यापर्यंत पोचलेला असतो. अनुनाद एका जागी पडला तर जवारी रेशमासारखी उलगडते, दुसरीकडे पडला तर तीच कानात टोचते. खर्जाचं गणित आणखी रोखठोक आहे. टिप सैल बसली, केसाएवढी फट राहिली, की खर्ज त्या फटीतून निसटतो. तबला ऐकताना हे चटकन कळतं. चाटेवरचा 'ना' खणखणीत येतो, पण डग्ग्यावरचा 'घे' पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा कोरडा लागतो आणि मनगट दाबून काढलेली त्याची मींड ऐकूच येत नाही. एक नंबर मोठी रबरी टिप घातली की तोच डग्गा घुमायला लागतो. एवढा मोठा फरक एका ड्रायव्हरच्या जागी चार घातल्यानं क्वचितच पडतो.

मग ड्रायव्हर वाढत का गेले? त्याची सुरुवात रंगमंचावर झाली आणि तिथली गरज खरी होती. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याचा इअरफोन तयार केला. त्यात खर्जाला एक आणि वरच्या स्वरांना एक असे दोन ड्रायव्हर होते. यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली, जी २००८ मध्ये लॉजिटेकनं विकत घेतली. ड्रमच्या शेजारी बसून प्रचंड गोंगाटात स्वतःचं वाद्य स्वच्छ ऐकायचं तर एका इवल्या ड्रायव्हरवर फार ताण येतो, तो वाटून देणं शहाणपणाचं होतं. पण ही रंगमंचाची गरज हळूहळू घरात शांतपणे ऐकणाऱ्यांच्या बाजारात उतरली आणि तिथे ड्रायव्हरची संख्या हेच दर्जाचं माप झालं. हार्वी यांच्याच जेएच ऑडिओनं २००९ मध्ये दर कानाला सहा ड्रायव्हर दिले, २०१३ मध्ये बारा. पुढे सिक्स्टीफोर ऑडिओच्या यू१८ मध्ये ही संख्या अठरावर गेली आणि किंमत तीन हजार डॉलरच्या घरात. ड्रायव्हर वाढले की त्यांच्यात स्वरांची वाटणी करणारी मंडळं वाढतात, नळ्या वाढतात, दोन ड्रायव्हर एकमेकांचा आवाज खोडणार नाहीत याची काळजी वाढते. म्हणजे संख्येनं जे कमावलं, त्यातलं काही तिनंच उभ्या केलेल्या अडचणी निस्तरण्यात खर्च होतं. शुअरच्या एसई८४६ मध्ये (२०१३, ९९९ डॉलर) खर्जाच्या ड्रायव्हरचा आवाज वर चढू नये म्हणून पोलादाच्या दहा पातळ चकत्या एकावर एक रचून लांब, वळणावळणाची वाट कोरली होती. कारागिरी म्हणून तिला दाद द्यावीच लागते. पण त्याच सुमारास सेनहायझरनं आयई ८०० मध्ये सात मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर घातला, आणि २०२१ च्या आयई ९०० मध्येही तोच आग्रह धरला. दोन्ही वाटा जाणकारांच्या पसंतीला उतरल्या. संख्या हे दर्जाचं माप असतं तर हे घडलं नसतं.

या मताला आधार मिळाला तो मोजमापांच्या काळात. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इन-इअर प्रकारच्या ३० नमुन्यांवर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी ऐकणाऱ्यांच्या कानात एकच इअरफोन ठेवला आणि इतर प्रत्येक नमुन्याचा स्वरतोल त्यावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं उतरवला. ब्रँड, रंग, वजन, किंमत यांतलं काहीच ऐकणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. कोणता नमुना लोकांना आवडेल हे बहुतांशी स्वरतोलावरूनच, म्हणजे कोणती कंप्रता किती जोरात येते एवढ्यावरूनच सांगता येतं, असं त्यातून दिसलं. त्याच वर्षी येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास मांडला. त्यात स्वरतोल आणि किंमत यांचा परस्परसंबंध आढळला नाही. स्वरतोल हा आवडीचा मुख्य पाया आणि त्याचा किमतीशी संबंध नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पुढे काय होणार ते उघड होतं. चीनमधल्या चेंगडूच्या मूनड्रॉप या कंपनीनं २०२० मध्ये ब्लेसिंग २ हा इअरफोन सुमारे ३२० डॉलरना दिला, म्हणजे ईआर-४ च्या जुन्या किमतीलाच. २०२२ मध्ये त्याच कंपनीचा 'चू' वीस डॉलरच्या आसपास मिळू लागला, आणि बरोबरच्या टिपा वेगळ्या घेतल्या तर त्यांनाच बरेच पैसे पडत. योग्य स्वरतोल कसा असावा हे ज्ञान एकदा खुलं झालं की ते कुणा एकाची मक्तेदारी राहत नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप जाणत्या श्रोत्यांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही. ते म्हणतात, स्वरतोल सारखा असलेले दोन इअरफोन सारखे वाजत नाहीत. महागड्यात वाद्यं सुटी दिसतात, स्वराच्या पाठीमागची हवा जाणवते, ती स्वरतोलाच्या आलेखात येत नाही. शिवाय हरमनच्या प्रयोगात स्वरतोलच तेवढा उतरवला होता, त्यामुळे बाकीचे गुण त्यात सापडणार कसे? या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. तो प्रयोग स्वरतोलाचं वजन मोठं असल्याचं दाखवतो, बाकी काहीच नसतं असं सिद्ध करत नाही. पहिल्या मुद्द्यातला अनुभवही मी खोटा मानत नाही. पण तो येतो कुठून, हे पाहायला हवं. आलेख काढले जातात ते ठरावीक मापाच्या धातूच्या कृत्रिम कानात. सात-आठ हजार हर्ट्झच्या वर तो कृत्रिम कान आणि तुमचा कान यांत मोठं अंतर पडतं, आणि सुटेपणाची, हवेची जाणीव घडवण्यात नेमका हाच पट्टा मोठा वाटा उचलतो. म्हणजे कागदावर सारखे दिसणारे दोन आलेख तुमच्या पडद्यापाशी सारखे नसतातच. नळीची जाडी, टोकाचा कोन, टिपेचं रबर, आत जाण्याची खोली, सगळं त्यात मिसळतं. हजार डॉलरच्या वस्तूची नळी तुमच्या कानात अचूक बसली तर ती तुम्हाला अपूर्व वाटेल, आणि तीच तुमच्या भावाच्या कानात तिरकी बसून कर्कश लागेल. दोघांचंही म्हणणं खरं असेल. म्हणून आक्षेप मान्य केला तरी माझा मुद्दा उलट पक्का होतो: जो गुण किमतीच्या नावावर मांडला जातो, तो बऱ्याचदा बसण्याच्या खात्यावरचा असतो.

बसण्याचाच प्रश्न असेल तर कानाचा साचा घेऊन बनवलेला इअरफोन हा त्याचा उपाय नाही का? रंगमंचावर गाणाऱ्यासाठी नक्कीच आहे. कार्यक्रमभर हलणारा जबडा, घाम, नाच, हे सगळं तोच सोसतो. घरात ऐकणाऱ्याला मात्र त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. जबडा उघडला-मिटला की नळीचा आकार बदलतो, म्हणून साचा घेताना तोंड कसं धरलं होतं यावर सगळं अवलंबून. जरा चुकलं की खर्ज गळतो किंवा कान दुखतो, आणि इअरफोन परत कंपनीकडे पाठवावा लागतो. दुसऱ्याच्या कानात तो बसत नाही, त्यामुळे विकायला काढला तर जवळपास मोल उरत नाही. लाखाच्या वर गेलेल्या खरेदीत ही गोष्ट किरकोळ नाही.

आता नांदण्याविषयी. ईआर-४ च्या ईआर-४एस या आवृत्तीच्या नळीच्या तोंडाशी एक हिरवी जाळी असे, बोटाच्या चिमटीत धरता न येण्याएवढी. काम दुहेरी: वरच्या स्वरांतला नको तेवढा उठाव ती दाबायची आणि कानातला मळ अडवायची. मळानं ती भरली की एका कानाचा आवाज दबतो, गाणारा एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो, आणि घेणाऱ्याला वाटतं इअरफोन गेला. डबीत एक छोटं अवजार येई. त्याचा स्क्रू जाळीत फिरवून ती ओढून काढायची, नवी अंगठ्यानं दाबायची, दोन मिनिटांत आवाज पूर्वीसारखा. २०१६ च्या नव्या आवृत्तीतही जाळी बदलण्याची सोय कायम होती. याच्या शेजारी २०११ चा एकेजी के३००३ ठेवून पाहा: हजार डॉलरच्या वर किंमत, पोलादाचं देखणं अंग आणि तार कायमची जोडलेली. आयई ८०० मध्येही सिरॅमिकच्या कवचातून निघणारी तार सुटी होत नसे. इअरफोनमध्ये सर्वांत आधी मरते ती तार, खिशातून काढताना बसणाऱ्या रोजच्या हिसक्यांनी. तिच्यापायी अख्खी वस्तू दुरुस्तीला पाठवावी लागणं ही रचनेतली चूक होती, आणि आयई ९०० मध्ये तार सुटी करून सेनहायझरनं ती दुरुस्त केली हे चांगलं झालं. सुट्या तारेचेही त्रास आहेत. गोल फिरणारा एमएमसीएक्स जोड झिजला की आवाज खरखरतो आणि मध्येच तुटतो, दोन पिनांचा जोड सैल पडतो, पारदर्शक वेष्टनातलं तांबं घामानं हिरवं पडतं. पण हे त्रास थोडक्या पैशांत निस्तरतात.

नांदण्यातला एक भाग ज्याला जोडायचं त्या यंत्राचाही आहे. २०१६ मध्ये आलेल्या कॅम्पफायर ऑडिओच्या अँड्रोमेडाचा रोध जेमतेम १२.८ ओहम. ज्या फोनच्या किंवा ॲम्पच्या बाहेर पडणाऱ्या मार्गाचा स्वतःचा रोध जास्त, त्याला तो जोडला की स्वरतोलच बदलतो, आणि यंत्रात मुळातच गुणगुण असेल तर शांत जागी मागे सूं असा आवाज ऐकू येतो. म्हणजे अकराशे डॉलर मोजून घेतलेला आवाज कोणता, हे दुसऱ्याच वस्तूवर ठरतं. एटिमॉटिकनं हेच तत्त्व उघडपणे वापरलं होतं. ईआर-४पी या दुसऱ्या आवृत्तीच्या तारेत ७५ ओहमचा रोध जोडला की तो ईआर-४एस सारखा वाजे. मोठा फरक, आणि त्याला लागणारा भाग काही रुपयांचा.

महाग वस्तू बाळगण्याचा आनंद असतो, सिरॅमिकचा थंड स्पर्श किंवा रेझिनमध्ये गोठवलेलं लाकूड बघण्यात सुख असतं, असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी माझं भांडण नाही. घड्याळ आणि पेन लोक याच कारणानं घेतात. पण घड्याळाला घड्याळजी मिळतो. चेन्नईच्या हेडफोन झोनसारख्या दुकानामुळे २०११ पासून हा माल भारतात रीतसर मिळू लागला हे खरं, तरी अनेक छोट्या कंपन्यांचं दुरुस्तीचं काम त्यांच्याच देशात होतं. पुण्या-नाशिकच्या ग्राहकाला एका कानाचा आवाज गेला की पार्सल, कस्टमचे कागद आणि आठवड्यांची वाट पाहणं आलं. म्हणून या किमतीची वस्तू पारखताना मी ड्रायव्हर मोजणार नाही. जाळी घरी बदलता येते का, तार कुठल्या जोडाची, टिपा कोणत्या मापात मिळतात, परत करायची मुदत किती, आणि बिघडली तर ती कुठे पाठवायची, हे आधी विचारीन.

या महागड्या इअरफोनचा जन्म श्रवणयंत्रांच्या कारखान्यातल्या सुट्या भागांतून झाला होता. २०१८ मध्ये एटिमॉटिक ल्युसिड या श्रवणयंत्रांच्या कंपनीकडे गेली, आणि २०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहकांसाठीचा विभाग श्रवणयंत्रं बनवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाच्या ताब्यात आला. श्रवणयंत्राच्या धंद्यात वस्तू कानात बसवून देणं, ती पुन्हा पुन्हा तपासणं आणि मळाची जाळी बदलून देणं हा विक्रीचाच भाग असतो. तिथे बसवणाऱ्याला आलेखाआधी रुग्णाच्या कानाची नळी पाहावी लागते.