जंतूचा अंगठा आणि आपले बेणे



“साहेब, खत तेच, पाणी तेच, मग खोडवा का बसला?” हा प्रश्न गट ऑफिसात दरवर्षी येतो. कारणे पुष्कळ असतात. त्यांतले एक मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. ते म्हणजे खोडव्याची वाढ खुंटविणारा रोग. पानावर ठिपका नाही, करपा नाही. नुसत्या कांड्या आखूड नि ऊस बारीक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड भागात १९४४-४५ च्या सुमारास तो प्रथम ध्यानात आला. पुष्कळ वर्षे तो विषाणूचा समजत. त्याचा खरा जंतू प्रयोगशाळेत वाढविता आला तो १९८० साली.

हा जंतू गावोगाव वेगळा, की सगळीकडे एकच? नुसते बघून हे कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ जंतूचा ‘अंगठा’ घेतात. कर्जरोख्यावरचा आपला अंगठा दुसऱ्याशी जुळत नाही, तसेच जंतूच्या डी.एन.ए.चे आहे. तो बाहेर काढतात, यंत्रात त्याच्या काही तुकड्यांच्या लाखो प्रती करतात आणि जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर पळवितात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. त्यातून पट्ट्यांची एक ओळ उमटते. ओळी जुळल्या, की जंतू एका कुळातले.

२००६ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या या जंतूंचे ठसे ताडून पाहिले. सगळे एकसारखे निघाले! उसाच्याच ‘लीफ स्काल्ड’ रोगाच्या जंतूत अनेक कुळे सापडतात. इथे मात्र एकच. म्हणजे हा रोग एका कुळातून बेण्याच्या टिपऱ्यांबरोबर जगभर गेला, असे त्यांचे अनुमान आहे.

यातला धडा आपल्या बांधावरचा आहे. हा रोग वाऱ्याने येत नाही. आपणच तो बेण्यातून आणि कोयत्याच्या पात्यावरून नेतो. एकदा उसात शिरला, की फवारणीने जात नाही. म्हणून –

१) खोडव्याचे किंवा शेजाऱ्याच्या फडातले बेणे ‘दिसायला बरे’ म्हणून लावू नका.
२) ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया दिलेल्या बेण्यापासून वाढविलेल्या बेणेमळ्यातलेच बेणे घ्या. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला.
३) बेणे तोडताना कोयता अधूनमधून जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा.

शंका आली तर ऊस बुडाशी उभा चिरून पाहा. पेऱ्याजवळ नारिंगी-तांबूस ठिपके दिसले, तर त्या प्लॉटचे बेणे कुणालाही देऊ नका व गट ऑफिसला कळवा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी