आधी बुश, मग स्प्रिंग

पावसात कसारा घाट उतरताना जुनी गाडी वळणावर झुकली, की मालक म्हणतो, नव्या स्प्रिंगा टाकू. पण स्प्रिंग वजन पेलते. तिची उसळी आवरतो तो शॉक ॲब्सॉर्बर, गॅरेजच्या बोलीत 'शॉकअप'. त्यातलं तेल गळलं, की चाक रस्ता सोडू लागतं, ब्रेकही उशिरा लागतो. गाडीचा कोपरा दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. डुलतच राहिली, तर शॉकअप संपला.

पैसे बेतानं खर्चायचे, तर आधी टायरमधली हवा कंपनीच्या आकड्याइतकी भरा. हे जवळजवळ फुकट आहे. मग रबरी बुश पाहा. तडकलेल्या बुशमुळे स्टिअरिंग सैल वाटतं, आणि तो शॉकअपपेक्षा बराच स्वस्त. शॉकअप बदलायचे ते जोडीनं, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. शेवटी व्हील अलाइनमेंट. बहुतेक गाड्या एवढ्यावर सुधारतात.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं मात्र नको. पोरांना ते ऐटदार वाटतं, वाटो! वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठर होते, खड्ड्यात चाक उचललं की बैठकीतून निसटूही शकते. आणि आपले गतिरोधक गाडीच्या पोटाला घासतात, ते वेगळंच.