मिनिटाला चार थेंब

खूप अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पोटाला सुरुवातीला पुरेसे दूध झेपत नाही. तेव्हा त्याला शिरेतून साखरेचे सलाईन देतात. १२०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ८० मिली, म्हणजे २४ तासांत ९६ मिली लागते; जेमतेम एक कप चहाएवढे! बारीक थेंबांच्या सलाईन नळीत ६० थेंबांचा १ मिली होतो. म्हणून मिनिटाला फक्त ४ थेंब. जास्त गेले, तर हृदयावर व फुप्फुसांवर ताण येतो. कमी पडले, तर बाळ सुकते, रक्तातील साखर उतरते. म्हणूनच परिचारिका रोज बाळाचे वजन करतात, लघवीवर लक्ष ठेवतात. आईचे दूध पचू लागले, की सलाईन हळूहळू बंद होते. रात्रभर थेंब मोजणाऱ्या या हातांना प्रार्थनेत आठवा.