पुढची चाकं हलकी का होतात?

अमेरिकेत पिकअपला घरवजा ट्रेलर जोडून कुटुंबंच्या कुटुंबं फिरतात. ३,००० किलोच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के, म्हणजे ३०० ते ४५० किलो भार जोडाच्या गोळ्यावर येतो. गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटू लागते. ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’ इथे कामाला येतो. त्याचे दोन स्प्रिंगबार ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवले, की पहारीसारखे ते गाडीचा मागचा भाग उचलतात; काही भार पुढच्या चाकांवर जातो, काही ट्रेलरच्या. बार निवडताना पिकअपच्या मागच्या हौद्यातलं सामानही हिशेबात धरा. ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या मडगार्डची उंची टेपने मोजाच. वाढलेली उंची किती उतरवायची, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. ते न पाहता बार कचकचून ताणणं मला धोक्याचं वाटतं. गाडीची ओढण्याची मर्यादा मात्र या हिचने तसूभरही वाढत नाही.