रंगांचे आकडे आणि त्यांचे परिमाण

चित्राच्या फाइलमध्ये रंग साठवलेले असतात, ही समजूत सार्वत्रिक असली तरी निराधार आहे. तेथे असतात ते तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या प्रमाणांचे आकडे, बहुधा प्रत्येकी ० ते २५५ या मर्यादेतले. आणि जमिनीच्या दस्तऐवजात वीस बिघे लिहून बिघा कोणत्या प्रांताचा हे न लिहिल्यास जसे क्षेत्र मुक्रर होत नाही, तसेच ‘हिरवा २५५’ म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे त्या आकड्याचा रंगावकाश, म्हणजे कोणत्या आकड्याने कोणता प्रत्यक्ष रंग समजावा याची व्याख्या, कळल्यावाचून ठरत नाही. हा खुलासा फाइलमध्येच नोंदवण्याची तजवीज म्हणजे रंग-प्रोफाइल. तिचे स्वरूप सर्व यंत्रांसाठी एकच असावे म्हणून १९९३ साली या व्यवसायातील कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केले. पुढे ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा रंगावकाश १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला, आणि इंटरनेटवरील रंगांचा गृहीत पाया आजही तोच आहे.

अधिक विस्तृत रंगावकाश नेहमीच श्रेयस्कर, असे मानून कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर ठेवणारे पुष्कळ आहेत. छपाईसाठी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु असे छायाचित्र लहान करताना, काही किलोबाइट वाचवण्याच्या हव्यासाने, प्रोफाइल काढून टाकले गेले, की ब्राउझर ते आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो, आणि पैठणीच्या पदरावरील मोराचा हिरवा निस्तेज होतो. उलटपक्षी, एसआरजीबीचे आकडे रूपांतरावाचून विस्तृत रंगांच्या पडद्यावर तसेच धाडले, तर तेच रंग भडक होतात. तेव्हा इंटरनेटसाठीची प्रत एसआरजीबीत रूपांतरित करावी आणि प्रोफाइलही सोबत ठेवावे, हेच मला हितावह वाटते.

येथे सर्वाधिक हानी करणारा घोटाळा उद्भवतो, तो चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील प्रोफाइलविषयक ‘कन्व्हर्ट’ आणि ‘असाइन’ या दोन आज्ञा एकच मानण्याचा. पहिलीने आकडे बदलतात व दिसणारा रंग शक्यतो कायम राहतो. दुसरीने आकडे जसेच्या तसे राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो, आणि म्हणून रंगच पालटतो. प्रोफाइल मुळातच हरवलेल्या चित्राला ते पुन्हा जोडण्यासाठी दुसरी आज्ञा योग्य. अन्यत्र ती वापरणे म्हणजे मोजणी न करता उताऱ्यावरचे एकक खोडून दुसरे लिहिणे होय.

रंग बिघडल्याबद्दल ब्राउझरांवर होणारा दोषारोप एके काळी पुष्कळसा यथार्थ होता. फायरफॉक्समध्ये २००८ साली रंगव्यवस्थापन आले ते मुळात बंद स्थितीत, आणि प्रोफाइल असलेल्या चित्रांपुरते ते आपोआप चालू झाले २००९ मध्ये. त्याच वर्षापर्यंत मॅक संगणकांचा प्रमाण गॅमा, म्हणजे आकड्यावरून पडद्याची उजळता ठरवणारा घातांक, १.८ होता, विंडोजकडे २.२, त्यामुळे एकच चित्र पहिल्यावर फिके आणि दुसऱ्यावर गडद दिसे. आता प्रमुख ब्राउझर प्रोफाइल वाचतात आणि ते नसल्यास एसआरजीबी गृहीत धरण्याचा नियमही आहे.

आपल्या पडद्याचे अंशांकन केले की सर्वांना तोच रंग दिसेल, ही आशा मात्र सोडावी. अंशांकनाने आपला निर्णय विश्वसनीय होतो. परक्याच्या पडद्याची उजळता, दिवेलागणीनंतर तो पिवळसर करणारी सोय आणि त्याच्या खोलीतील प्रकाश यांवर आपला अंमल चालत नाही. म्हणून एका पानावरील सर्व चित्रे एकाच रंगावकाशात, एकाच प्रकाशात टिपलेली आणि पार्श्वभूमीच्या रंगाशी जुळणारी ठेवावीत. पडदा पिवळा झाला तर ती सारी एकत्रच पिवळी होतात आणि त्यांतील परस्परांचे नाते बिघडत नाही.