परदेशीं बिघडलेला लॅपटॉप

सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सोनाळा हें गांव आहे. कापसाच्या त्या मुलखांत विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली, तर ती फेकून देण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. ती वाइंडिंगला जाते, तांब्याची तार नव्यानें भरली जाते, आणि मोटर पुन्हां पाणी ओढूं लागते. अशा गांवांतून परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाचा लॅपटॉप एखाद्या रात्रीं बंद पडला, म्हणजे तो घरचीच रीत मनांत धरून दुकानांत जातो, आणि तेथें सांगितलेला आंकडा ऐकून थक्क होतो. दुरुस्तीचा खर्च ऐकला म्हणजे नवेंच यंत्र घ्यावेंसें वाटतें. नव्याची किंमत ऐकली म्हणजे दुरुस्तीच बरी वाटते.

उदाहरणादाखल जर्मनी घ्यावी. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत तेथें सुमारें ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते; बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांत तोच समूह सर्वांत मोठा होता. २०२४ च्या सप्टेंबरांत ठरलेल्या हिशेबानें अशा विद्यार्थ्यास वर्षाकाठीं ११,९०४ युरोंची तरतूद दाखवावी लागे, म्हणजे महिन्यास ९९२ युरो. खोलीचें भाडें, आरोग्यविमा आणि जेवण हें सारें त्यांतच. दुकानदारानें तीनशें युरो सांगितले, तर महिन्याच्या पोटगीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. आणि ती पोटगी पुष्कळदां घरच्यांनीं कर्ज काढून उभी केलेली असते.

हा आंकडा फुगतो कां? २०२५ सालीं जर्मनींत कायद्यानें ठरविलेलें किमान वेतनच ताशीं १२.८२ युरो होतें. जाणत्या कारागिराचा तास त्याहून पुष्कळ महाग, आणि त्यावर दुकानाचा खर्च व १९ टक्के कर. आपल्याकडे सुटा भाग महाग आणि हात स्वस्त; तेथें हातच महाग. घरची रीत तेथें लागू पडत नाहीं ती यामुळें. कारागीर परक्याला लुबाडतो, हा समज बहुधा अन्यायाचा असतो.

तथापि पैशाचा हिशेब मांडण्यापूर्वीं यंत्र आणि त्यांतील लेखन हीं दोन निरनिराळीं आहेत, हें ध्यानांत घेणें अवश्य आहे. प्रबंधाचीं ऐशीं पानें आंत अडकलीं, कीं मनुष्य घाबरून यंत्राच्या योग्यतेहून अधिक पैसे दुरुस्तीला देऊन बसतो. वस्तुतः पडदा फुटला, कीबोर्ड मेला किंवा बॅटरी संपली, तरी लेखन जिच्यावर साठविलेलें असतें ती एसएसडी बहुधा शाबूत असते. ती सुटी असेल तर चार स्क्रू काढून एका लहानशा डबींत बसवितां येते, आणि मित्राच्या संगणकाला जोडून सारें वाचतां येतें. कांहीं पातळ यंत्रांत मात्र ती मदरबोर्डावरच पक्की डाखलेली असते; तेथें मदरबोर्ड गेला म्हणजे लेखनहि धोक्यांत आलें.

दुसरी अडचण कुलुपाची. विंडोजच्या पुष्कळ नव्या यंत्रांत साठा आपोआप कुलूपबंद केलेला असतो. मदरबोर्ड बदलला, अगर एसएसडी दुसऱ्या यंत्रास जोडली, कीं ४८ आंकड्यांची किल्ली मागितली जाते. ती बहुधा धन्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. पण तें खातें कॉलेजांत असतांना कोणी मित्रानें घाईंत उघडून दिलेलें, आणि त्याला जोडलेला भारतांतील फोननंबर केव्हांच बंद झालेला, अशी स्थिति असल्यास कुशल कारागीरहि हात टेकतो. दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं ही किल्ली हातीं आहे ना, हें पहावें. लेखन सुखरूप बाहेर आलें, म्हणजे निम्मी भीति ओसरते, आणि उरतो तो निव्वळ व्यवहार.

व्यवहारांत दोष कोणता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. चार्जर, बॅटरी, एसएसडी हीं बदलण्यासारखीं अंगें होत. पडदा त्यांहून महाग, तरी यंत्र तीनचार वर्षांचें असेल तर तोहि खर्च वाया जात नाहीं. मदरबोर्ड जळला असेल तर मात्र दहादां विचार करावा. चहा सांडला असतां यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा, आणि ‘चालतें कां’ म्हणून पुन्हां पुन्हां बटण दाबूं नये. पाण्यानें न झालेलें नुकसान ओल्या मदरबोर्डांतून वाहणारी वीज करते. यंत्र तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्यांत यंत्राचें कांहीं साधत नाहीं, तांदूळ मात्र जातात.

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीशीं ताडून पाहण्याची चाल आहे. ती फसवी आहे. तो ताडावयाचा तो तितक्याच वयाच्या, तितक्याच शक्तीच्या जुन्या यंत्राच्या किंमतीशीं. त्याच्या निम्म्याहून अधिक पैसे लागत असतील, तर दुरुस्तीचा मोह सोडावा. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रावर मोठा खर्च करावयाचा, तर पुढें लिनक्सवर काम करण्याची तयारी हवी.

आतां कायद्याचा आधार किती? जर्मनींत व्यापाऱ्याकडून नव्या घेतलेल्या मालाबद्दल विक्रेता दोन वर्षें जबाबदार असतो. पण पुण्यांत घेतलेल्या लॅपटॉपला हा नियम लागू होत नाहीं, आणि कंपनीची हमी परदेशांत चालते कीं नाहीं हें हमीपत्रांतच पहावें लागतें. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला खरा. परंतु त्याच्या मूळ यादींत फोन आणि टॅबलेट आले, लॅपटॉप राहून गेले. ऑस्ट्रियानें २०२२ सालीं दुरुस्तीचा निम्मा खर्च, २०० युरोंच्या मर्यादेंत, सरकारनें सोसण्याची योजना काढली होती. अशा योजना येतात आणि आटोपतात, म्हणून त्या त्या वेळीं चौकशी करावी. खात्रीचा आसरा निराळाच आहे. २००९ सालीं मार्टिन पोस्टमा या बाईंनीं आम्स्टरडॅम येथें पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरविला, आणि ती चाल पुढें देशोदेशीं पसरली. शनिवारी-रविवारी जाणते लोक एकत्र बसतात आणि लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करावयास हात देतात. वाइंडिंगच्या दुकानाशीं ज्याची ओळख आहे, त्याला तेथें परकें वाटूं नये.

महिन्या-दोन महिन्यांत घरीं यावयाचें असेल, तर थांबणेंच उत्तम. तोंवर विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील संगणकांवर भागवावें, आणि यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्यें दाखवावें. एक अपवाद आहे. टचपॅड वर उचलला गेला, झांकण नीट मिटेनासें झालें, तर बॅटरी फुगली असें समजावें. तशी बॅटरी विमानांत नेण्यास मनाई आहे, आणि ती आगीचें कारण होऊं शकते. ती तेथल्या तेथेंच जाणत्याकडून काढवून संकलन-केंद्रांत द्यावी, आणि उरलेलें यंत्र आणावें.

शेवटीं दुसरें यंत्रच घ्यावयाचें ठरलें, तर नव्यापेक्षां दुकानदारानें दुरुस्त करून विकलेलें, वर्षाची जबाबदारी असलेलें यंत्र विद्यार्थ्यास पुरेसें होतें. घेतांना कीबोर्ड तेवढा पाहून घ्यावा. जर्मन कीबोर्डावर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागा उलटसुलट असतात, आणि प्रबंध तोंडावर आला असतां बोटांना नवें वळण लावीत बसण्यास सवड नसते.