रसभरी, चिरबोटी आणि कागदी पिशवी

थंडी ओसरू लागली की इंदुरात हातगाड्यांवर रसभरी दिसू लागते. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे तिला हमखास रास्पबेरी समजतात. नावापलीकडे दोघींचे काही नाते नाही. रास्पबेरी गुलाबाच्या कुळातली, तर आपली रसभरी टोमॅटो-वांग्याच्या. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत. आफ्रिकेच्या केप भागात लागवड झाली म्हणून इंग्रजीत ती 'केप गूजबेरी' झाली.

तिची रानटी बहीण म्हणजे चिरबोटी, बडोद्याकडची पोपटी. पावसाळ्यात शेताच्या बांधावर ती आपोआप उगवते. फूल गळल्यावर त्याखालचा हिरवा भाग फुगत जातो आणि फळाभोवती कागदासारखी पिशवी तयार होते. मुलांना ही पिशवी कपाळावर आपटून फोडण्यातच जास्त गंमत वाटते!

खाण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगू. पहिली, पिकलेपणा. पिशवी वाळून गवताच्या रंगाची झाली आणि फळ पिवळसर झाले, तरच खावे. पिकलेले फळ बहुधा स्वतःच खाली पडते. हिरव्या, कच्च्या फळांनी पोट बिघडते; पाने आणि पिशवीही खायची नाही. मेक्सिकोतला टोमॅटिलो हा भाऊबंद तेवढा हिरवाच चटणीत घालतात, पण त्याचा नियम चिरबोटीला लावू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नीमच-मंदसौरकडे अश्वगंधेची शेती आहे, आणि तिच्या फळालाही अशीच पिशवी असते. नातवंडे सुट्टीत तिकडे गेली तर फसू शकतात. अश्वगंधेची फळे लाल, बारीक, पानांच्या बेचक्यात झुपक्याने लागतात. झाडावर पांढुरकी लव असते. चिरबोटीचे फळ एकेकटे लोंबते आणि पिकल्यावरही लाल होत नाही. अश्वगंधेचे मोल मुळात आहे, फळ खाण्यासाठी नव्हे. शंका आली तर तोडूच नये. सोयाबीनला तणनाशक मारतात, त्यामुळे त्या शेतातली ओळखीची चिरबोटीही नको.

बाजारातली रसभरी पिशवीसकट आणावी. हवेशीर टोपलीत ती बरेच दिवस टिकते. सोलल्यावर फळ चिकट लागते, ते धुऊन घ्यावे. आंबटगोड चवीमुळे जॅम उत्तम होतो. फळांच्या वजनाच्या निम्मी साखर घालून मंद आचेवर आटवावे. फळात पेक्टिन भरपूर असल्याने वेगळे काही घालावे लागत नाही. साखर कमी असल्याने बाटली फ्रीजमध्येच ठेवावी.